परदेशातील अभ्यासदौरे आणि सेवा-शिबिरे: विद्यार्थ्यांच्या सुरक्षेची तयारी पुण्यात असतानाच कशी करावी

पुण्यातून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तुकड्यांचे आता कोणाला फारसे नवल वाटत नाही. जपानी किंवा जर्मन शिकणारी मुले शाळांच्या परस्परभेटींतून तिकडच्या कुटुंबांत राहून येतात, विज्ञानाची ओढ असलेली मुले फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्र पाहून येतात, तर महाविद्यालयातील मुले सुटीत नेपाळ, श्रीलंका, केनिया अशा देशांत सेवा-शिबिरांना जातात. २०२५ मध्ये तर पुणे जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांचीही आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मदतीने नासा भेटीसाठी निवड झाली, आणि याचा मला मनापासून आनंद वाटला.

अशा दौऱ्यांवर शिक्षिका म्हणून मी अनेकदा गेले आहे. दौऱ्यावर निघालेले मूल सुखरूप परत येईल की नाही, हे बहुतेक वेळा नशिबावर अवलंबून नसते. कोणता उपक्रम निवडला, बस कोणत्या वेळी सुटणार आणि ऐनवेळी ‘आता पुढे जायचे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे होता, या साध्या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी आधी लिहून ठेवलेली असावी लागतात. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक या तिघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने ही तयारी कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे मांडले आहे.

सहा महिने आधी: कामाची आणि संस्थेची पारख

सेवा-शिबिराचे माहितीपत्रक हाती आले की पहिला प्रश्न खर्चाचा विचारला जातो. तो नंतर विचारावा. आपली मुले तिथे नेमके कोणते काम करणार आहेत आणि ते काम आपण पुण्यात त्यांच्याकडून करून घेतले असते का, हे आधी विचारावे. सोळा वर्षांच्या मुलाला आपण इथे बांधकामाच्या परांचीवर उभे करणार नसू किंवा दवाखान्यात जखमा बांधायला लावणार नसू, तर परदेशातही ते काम त्याने करता कामा नये. अननुभवी हातांनी केलेले काम मुलांना जसे धोक्याचे असते, तसेच ते ज्यांच्यासाठी केले जाते त्यांनाही अपायकारक ठरू शकते.

अनाथालयांत जाऊन मुलांना शिकवणे किंवा त्यांच्याशी खेळणे हा उपक्रम ऐकायला चांगला वाटतो, तरी तो मी आता कोणालाही सुचवत नाही. नेपाळ आणि कंबोडिया या देशांत असे दिसून आले आहे की अशा संस्थांतील अनेक मुलांचे आई-वडील हयात असतात आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलांना घरापासून दूर आणून ठेवले जाते. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या चर्चेत या व्यवहाराची मुलांची तस्करी म्हणून दखल घेतली. त्याशिवाय, जी संस्था अनोळखी पाहुण्यांना कोणतीही चौकशी न करता आपल्या मुलांजवळ जाऊ देते, ती आपल्या मुलांजवळही कोणालाही येऊ देईल, हे ओळखावे. शाळेची इमारत रंगवणे, वाचनालय लावून देणे, स्थानिक शिक्षकांच्या हाताखाली विज्ञानाचे प्रयोग दाखवणे अशी कामे निवडावीत.

यजमान संस्थेकडून चार गोष्टी लेखी मागवाव्यात: त्या देशातील नोंदणीचा पुरावा, बालसुरक्षेचे लिखित धोरण, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रौढांची पार्श्वभूमी कशी तपासली जाते याची माहिती, आणि पूर्वी येऊन गेलेल्या दोन शाळांचे संपर्क. त्या शाळांना मात्र स्वतः फोन करावा, कारण लिहून दिलेली शिफारस बहुधा गोडच असते. ‘काय बिघडले होते आणि तेव्हा संस्थेचे लोक कसे वागले?’ एवढेच विचारले तरी बरेच कळते. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर केलेले विनावेतन कामसुद्धा कायद्याने काम समजले जाते, म्हणून कोणता व्हिसा लागेल हे संस्थेच्या तोंडी आश्वासनावर न सोडता त्या देशाच्या दूतावासाकडून समजून घ्यावे. शक्य असेल तर एका शिक्षकाने आधी जाऊन राहण्याची जागा, जवळचे रुग्णालय आणि रोजचा रस्ता पाहून यावा. या भेटीचा खर्च वाचवावा असे व्यवस्थापनाला वाटते, पण इतर बाबतींत काटकसर करून हा खर्च करावा, असा माझा आग्रह आहे.

ऋतूचा विचारही याच टप्प्यावर करावा. नेपाळमध्ये जून ते सप्टेंबर या काळात दरडी कोसळतात आणि नद्या फुगतात. १२ जुलै २०२४ रोजी सिमलतालजवळ दरडीने दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या आणि त्यांत साठहून अधिक प्रवासी होते. त्याच वर्षी २३ ऑगस्टला आपल्या जळगाव जिल्ह्यातील भाविकांना घेऊन पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि किमान २७ जणांचा जीव गेला. पावसाळ्यात तिकीट स्वस्त मिळते म्हणून मुलांना डोंगरी रस्त्यांवर नेऊ नये.

थांबवण्याचा अधिकार लिहून घ्यावा

हा मुद्दा छोटा वाटतो, पण माझ्या मते संपूर्ण तयारीचा कणा तोच आहे. दौऱ्यावरील प्रमुख शिक्षकाला कोणताही कार्यक्रम, कोणत्याही क्षणी, कारण सिद्ध न करता रद्द करता येईल आणि त्यामुळे होणाऱ्या आर्थिक नुकसानीबद्दल त्याला जबाबदार धरले जाणार नाही, असे पत्र संस्थेच्या अध्यक्षांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सहीने त्याच्याकडे असावे. त्याची प्रत टूर कंपनीला आणि पालकांनाही द्यावी.

एका दौऱ्यात आम्ही तळ्याकाठी पोहोचलो तेव्हा तीस मुलांसाठी अकराच लाइफ जॅकेट होती. नावाडी म्हणाला की पाणी शांत आहे, टूर कंपनीचा माणूस म्हणाला की पैसे भरलेले आहेत, आणि मुले तर नावेत चढायलाही लागली होती. मी मुलांना उतरवले. परतल्यावर काही पालकांनी पैसे वाया गेल्याची तक्रार केली, पण पत्र हाती असल्यामुळे शाळा माझ्या पाठीशी उभी राहिली. ते पत्र नसते तर त्या दुपारी मी इतक्या ठामपणे नाही म्हणू शकले असते का, याची मला आजही खात्री देता येत नाही.

पाण्याबद्दल इतके कठोर होण्याचे कारण आपल्या स्मरणात असायला हवे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी, धरणातून सोडलेल्या पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. या दोन्ही सहली देशातल्या होत्या, म्हणजे भाषा आणि माणसे ओळखीची असतानाही हे घडले. म्हणून कार्यक्रमात नसलेल्या नदीकाठी, धबधब्यावर किंवा समुद्रकिनारी बस थांबवायची नाही, हा नियम करारातच घालावा.

तीन-चार महिने आधी: कागदपत्रे आणि विमा

अनेक देशांना परतीच्या तारखेनंतरही सहा महिने वैध असलेला पासपोर्ट लागतो. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतचा असतो. त्यामुळे आठवी-नववीत असताना काढलेला पासपोर्ट बारावीत असताना अचानक अपुरा ठरतो. दौरा जाहीर झाला त्याच आठवड्यात सर्वांचे पासपोर्ट तपासावेत, म्हणजे मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात शेवटच्या क्षणी धावपळ करावी लागत नाही. नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळखपत्रही चालते, पण तिथे एखादे मूल आजारी पडून अन्य देशात हलवावे लागले तर पासपोर्टवाचून अडते. म्हणून मी नेपाळलाही पासपोर्टच घ्यायला सांगते.

आई आणि वडील दोघांच्या सह्यांचे, नोटरी केलेले संमतीपत्र प्रत्येक मुलासाठी तयार करावे. त्यात प्रवासाच्या संमतीबरोबरच, पालकांशी संपर्क न झाल्यास तातडीच्या उपचारांना किंवा शस्त्रक्रियेला होकार देण्याचा अधिकार कोणत्या शिक्षकाला आहे, हे नावानिशी लिहावे. आई-वडील विभक्त असतील किंवा पालकत्व अन्य कोणाकडे असेल, तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडावी. हा विषय नाजूक असल्याने वर्गशिक्षकांनी त्या पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे.

विम्याची पॉलिसी एखाद्या माणसाने पूर्ण वाचलीच पाहिजे. शेंगेन देशांच्या (युरोपातील सामाईक व्हिसा असलेल्या देशांच्या) व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण ती किमान अट आहे. पुरेशा संरक्षणाचा अंदाज त्यावरून बांधू नये. आधीपासूनचा दमा, फिट किंवा मधुमेह पॉलिसीत धरला आहे का, आजारी मुलाजवळ राहणाऱ्या पालकाचा खर्च मिळतो का आणि किती उंचीपर्यंतचे गिर्यारोहण समाविष्ट आहे, हे पाहावे. नेपाळमध्ये हेलिकॉप्टरने सुटका केल्याचे बनावट दावे २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले. तेव्हा विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक आणि पूर्वपरवानगीची पद्धत शिक्षकांना माहीत असावी, म्हणजे खऱ्या अडचणीत वेळ जाणार नाही.

आरोग्य: फॅमिली डॉक्टरांपासून खसखशीपर्यंत

प्रवासापूर्वी सहा ते आठ आठवडे प्रत्येक मुलाची तपासणी करून घ्यावी. आरोग्याचा अर्ज भरताना काही पालक आजार लपवतात, कारण मुलाला दौऱ्यातून वगळतील अशी त्यांना भीती वाटते. ‘आजार सांगितल्यामुळे कोणालाही वगळले जाणार नाही’ असे अर्जावरच छापले, तर ही भीती कमी होते. मानसिक आरोग्याविषयीही विचारावे, कारण घरापासून दूर आणि झोप अपुरी असताना चिंतेचे विकार उफाळून येतात.

केनिया, युगांडा यांसारख्या देशांतून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस केवळ अधिकृत केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. विषमज्वर, कावीळ अ आणि धनुर्वात यांच्या लशी, तसेच पूर्व आफ्रिकेसाठी हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. काठमांडूतील स्वयंभूनाथ परिसरात माकडे अंगावर येतात. माकड किंवा कुत्रे चावले अथवा ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी, आणि हे प्रत्येक मुलाला पाठ असावे. तीन हजार मीटरच्या वर जाणार असाल तर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखी आणि उलट्या होत असलेल्या मुलाला आणखी वर नेऊ नये, आणि त्याचा तोल जाऊ लागला किंवा ते असंबद्ध बोलू लागले तर रात्र असली तरी खाली आणावे.

औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. सर्दी-खोकल्याची आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधे, विशेषतः कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली, जपान आणि संयुक्त अरब अमिरातीत निर्बंधाखाली येतात. दिवाळीच्या सुटीत निघालेल्या मुलाच्या बॅगेत आजीने प्रेमाने भरलेला फराळही तपासावा. अनारशांवर खसखस असते, आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरमध्येही ती नेता येत नाही. दुबईत केवळ विमान बदलायचे असले तरी अनारसे घरीच ठेवावेत.

एक महिना आधी: पालक सभा आणि मुलांची तयारी

पालक सभेत प्रेक्षणीय स्थळांच्या चित्रफिती कमी दाखवाव्यात आणि धोक्यांबद्दल मोकळेपणाने बोलावे. पालकांच्या मनात अपहरण आणि दहशतवाद असतो. प्रत्यक्षात पाच ते एकोणतीस या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्त्यांवरील अपघात आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून बसला पट्टे आहेत का, दुसरा चालक आहे का, रात्रीचा प्रवास टाळला आहे का, हे प्रश्न पालकांनी आग्रहाने विचारावेत. मुंबईहून विमान असेल तर द्रुतगती मार्गावरचा जाता-येतानाचा प्रवासही याच कसोटीवर तपासावा. परतीचे विमान पहाटे तीनला उतरते, चालक रात्रभर विमानतळावर ताटकळलेला असतो, आणि लोणावळ्याच्या घाटात सगळी बस झोपलेली असते. तेव्हा ताजा चालक पुण्याहून स्वतंत्रपणे पाठवावा.

मुलांची तयारी सभेतून होत नाही, ती सरावातून होते. एखाद्या रविवारी मुलांना लक्ष्मी रस्त्यावर किंवा तुळशीबागेत नेऊन ‘तुकडीपासून चुकल्यास काय करायचे’ याचा सराव घ्यावा: आहे तिथेच थांबायचे, जोडीदाराला सोडायचे नाही, गणवेशातील कर्मचाऱ्याला किंवा दुकानदाराला कार्ड दाखवायचे. हे कार्ड स्थानिक भाषेत छापलेले असावे आणि त्यावर निवासाचा पत्ता, शिक्षकांचे स्थानिक क्रमांक आणि मुलाची ॲलर्जी लिहिलेली असावी. मुलाचे पूर्ण नाव आणि शाळा मात्र बाहेरून दिसेल अशी गळ्यात अडकवू नये.

यजमान कुटुंबात राहायचे असेल तर एका घरात शक्यतो दोन मुले ठेवावीत आणि एक खुणेचे वाक्य ठरवावे. आमच्याकडे ते ‘आजीचे गुडघे कसे आहेत?’ असे होते. मुलाने फोनवर किंवा संदेशात हे विचारले की कारण न विचारता शिक्षकाने तासाभरात त्या घरी पोहोचायचे आणि मुलाला घेऊन यायचे. कोणत्याही प्रौढाने, मग तो आपला शिक्षक असला तरी, एखाद्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहायचे नाही, हे मुलांसमोरच सांगावे. कोणी नकोसा स्पर्श केला किंवा ‘हे कोणाला सांगू नकोस’ असे म्हटले, तर ते कोणत्या दोन शिक्षकांना सांगायचे, हेही नावे घेऊन सांगावे, आणि त्या दोघांत एक शिक्षिका असावी. बाललैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही भारतीय न्याय संहिता लागू होते. शाळेची अब्रू जपण्यासाठी अशी गोष्ट परतीपर्यंत दाबून ठेवणे हा त्या मुलावर झालेला दुसरा अन्याय असतो.

दौऱ्यावर असताना

दहा मुलांमागे एक प्रौढ, आणि त्याशिवाय एक जादा प्रौढ, असे प्रमाण ठेवावे. एक शिक्षक रुग्णालयात अडकला तरी बाकीच्या तुकडीचे प्रमाण बिघडू नये, यासाठी तो जादा माणूस असतो.

हजेरी डोकी मोजून घेऊ नये. एका संग्रहालयाबाहेर मी बत्तीस डोकी मोजली, संख्या जुळली आणि बस सुटली. आमच्यासारख्याच टोपीतली दुसऱ्या शाळेची एक मुलगी मैत्रीण समजून आमच्या रांगेत शिरली होती आणि आमची मुलगी आत स्वच्छतागृहात राहिली होती. वीस मिनिटांनी दोघीही आपापल्या जागी पोहोचल्या, पण ती चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक मुलाला एक क्रमांक देते, मुले आपला क्रमांक स्वतः मोठ्याने म्हणतात, आणि शेवटचा आकडा ऐकू येईपर्यंत बसचे दार लागत नाही.

नव्या निवासात पोहोचल्यावर सामान खोलीत टाकण्याआधीच सर्वांना आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा जिना चालून दाखवावा आणि बाहेर जमण्याची जागा ठरवावी. जपान किंवा नेपाळमध्ये भूकंपाच्या वेळी काय करायचे, हेही तेव्हाच सांगावे. रात्री शिक्षकांच्या खोल्या मुलांच्या मजल्यावरच असाव्यात.

काही बिघडल्यास

पहिल्या तासात कोण काय करणार, हे आधी ठरलेले असावे. एकाने जखमी मुलाबरोबर जायचे, एकाने बाकीच्या मुलांना एकत्र ठेवायचे आणि एकाने फक्त फोन सांभाळायचे. तातडीचे क्रमांक देशागणिक बदलतात: युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, नेपाळमध्ये पोलिसांसाठी १०० आणि रुग्णवाहिकेसाठी १०२, श्रीलंकेत रुग्णवाहिकेसाठी १९९०. त्या देशातील भारतीय दूतावासाचा चोवीस तासांचा क्रमांक शिक्षकांच्या फोनमध्ये आणि कागदावरही असावा. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत घेऊन दूतावासात जावे. तिथे परतीसाठी तात्पुरते प्रवासपत्र मिळते. एखाद्या विद्यार्थ्याला पोलिसांनी ताब्यात घेतले, तर वाणिज्य दूतावासीय संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार त्याला भारतीय दूतावासाशी संपर्क साधू देण्याची मागणी करावी, आणि न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू देऊ नये. दूतावासाकडून दाद मिळण्यास उशीर होत असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

पुण्यात शाळेचा एकच माणूस पालकांशी बोलेल, असे ठरवावे. संबंधित मुलाच्या घरी फोन झाल्याशिवाय व्हॉट्सॲप गटावर एक शब्दही टाकू नये. मुलांचे फोन जप्त करण्यापेक्षा त्यांना एकत्र बसवून खरी परिस्थिती सांगावी आणि अर्धा तास थांबण्याची विनंती करावी. मुले ती पाळतात, असा माझा अनुभव आहे.

परतल्यावर

आठ दिवसांच्या आत सर्व मुलांना पालकांविना एकदा एकत्र बोलवावे आणि प्रत्येकाला नाव न लिहिता एक चिठ्ठी देऊन ‘कोणत्या क्षणी भीती वाटली?’ एवढेच विचारावे. कोणत्या बसचा चालक फोनवर बोलत होता, कोणत्या घरात खोलीला कडी नव्हती, हे या चिठ्ठ्यांतूनच कळते. हिवतापाच्या प्रदेशातून आलेल्या मुलाला पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात त्या देशाचे नाव सांगावे, असे पालकांना लेखी कळवावे. टळलेल्या अपघातांसह सर्व नोंदी एका वहीत लिहाव्यात, आणि पुढच्या वर्षी ज्या शिक्षकांकडे दौरा असेल त्यांच्या हाती ती वही संस्थेची निवड सुरू होण्यापूर्वी द्यावी.